वसतिशाळेच्या स्वयंपाकघरातली माणसे



या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोललेली मंडळी आपापल्या विषयातली अधिकारी होती. मी पेडण्यातला एक होमिओपॅथीचा डॉक्टर. तीसेक वर्षे इथे दवाखाना चालवतो. विषय तुम्हीच निवडा, असे चिटणिसांनी सांगितले, तेव्हा मी तो माझ्या खुर्चीसमोरच्या बाकड्यावरून उचलला.

होमिओपॅथीत रोग्याची केस घेताना ‘काय दुखते’ एवढे विचारून भागत नाही. जन्म कुठला, लहानपण कसे गेले, घरातले कोण लवकर गेले, भीती कशाची वाटते, असे तासभर विचारत बसावे लागते. आमच्या औषधांविषयी कुणाचे काहीही मत असो, या विचारपुशीमुळे मला माणसे कळली, एवढे मात्र खरे.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एक काकी खोकल्यासाठी आल्या. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडच्या मुलखातल्या. आता लेकीकडे, आपल्या तालुक्यात राहतात. खोकला जुना, कोरडा, पहाटे उठवणारा. चुलीच्या धुराचा असावा असे वाटून विचारले, तर म्हणाल्या, एका वसतिशाळेत सव्वीस वर्षे स्वयंपाकाला होते. त्यांतली बरीच वर्षे लाकडे जाळली. फॉर्मवर मुलांची संख्या लिहायची असते. मी विचारले, “काकी, मुले किती?”

“पोटचे दोन, डाक्टरानू. जेवक घातलेले किती, ते मोजूक नाय.”

हे वाक्य मी केसपेपरावर लिहून घेतले. त्यानंतर वसतिशाळांत काम केलेली जी जी माणसे माझ्याकडे आली, त्यांना मी जरा जास्तच विचारत गेलो. कुणी गृहपाल, कुणी कामाठी, कुणी रात्रीचा पहारेकरी, कुणी विज्ञानाचे मास्तर. ही माणसे तिथे कुठून आली? का टिकली? आणि निघताना काय घेऊन निघाली? या तीन प्रश्नांची उत्तरे आज तुमच्यापुढे मांडतो.

वारापासून बोर्डिंगपर्यंत

गावापासून दूर राहून शिकायचे तर जेवायचे कुठे, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. गरिबाचा मुलगा सात घरी सात वार लावून जेवी, किंवा माधुकरी मागे. ती सोयही मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलाची. कुणब्याच्या, महाराच्या, विणकराच्या पोराला वार कोण देणार? म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात ठिकठिकाणी बोर्डिंगे उभी राहिली. शाळा झाडाखाली भरू शकते, बोर्डिंग भरत नाही. त्याला चूल लागते, पाणी लागते, रात्री जागणारे माणूस लागते.

या संस्थांचा इतिहास आपण संस्थापकाच्या नावाने वाचतो. एकदा तो चुलीच्या बाजूने वाचून पाहा. एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: मुलांना सांभाळणारी माणसे बहुधा स्वतःच कधीतरी निराधार झालेली होती.

हिंगणे

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगचे दिवस आले, शहरात राहणे अवघड झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जागा दिली आणि १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. आज हिंगणे पुण्याच्या पोटात आहे. तेव्हा ते रान होते. रस्ता धड नाही, पावसात चिखल. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि शिकवून झाले की सामान घेऊन चालत हिंगण्याला जात. एवढे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण कर्वे कॉलेजात असताना त्या झोपडीत कोण होते?

तिथे पार्वतीबाई आठवले होत्या. जन्म १८७० चा, देवरुखचा. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या त्या धाकट्या बहीण. विशीत वैधव्य आले, पदरात एक मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेले. शिकायला म्हणून त्या बहिणीकडे आल्या आणि आश्रमाच्याच होऊन गेल्या. आश्रमातल्या मुली बालविधवा, आणि त्यांची व्यवस्था पाहणारी बाईही विधवा. कोठीत काय आहे, कुणाला ताप आहे, कोण रात्री रडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे त्या वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरल्या. चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय नसलेली बाई सभेत बोलू लागली. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी येत नव्हते. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, भाषा शिकली आणि आश्रमासाठी पैसे जमवले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली निघाले. वसतिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या बाईने स्वतःची हकिगत स्वतः सांगितली, म्हणून आपल्याला ती कळते. अशा किती जणींनी सांगितली?

सातारा

दुसरी चूल साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या जैन समाजातले. जन्म १८८७ चा, कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजचा. मॅट्रिकही झाले नाहीत. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करा, असे सांगण्यात आले. त्यांनी नाकारले, आणि बोर्डिंग सोडावे लागले. ज्या समाजात मी जन्मलो त्या समाजाची ही गोष्ट आहे. लपवण्यात अर्थ नाही. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसत. आंघोळीवरून बोर्डिंगाबाहेर पडलेला मुलगा ते काढतो, यात आश्चर्य काय?

पण त्या पंक्तीला वाढणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या या बाई. नवऱ्याने घरात महार, मांग, मराठा, मुसलमान अशी सगळी पोरे आणून बसवली, तेव्हा त्यांना ते एका दिवसात पचले असेल असे मला वाटत नाही. आपल्या आज्यांना आठवून पाहा, म्हणजे कळेल. तरी त्या त्या मुलांची आई झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून धान्यापायी गेले. भाऊराव बाहेरगावी असताना एकदा कोठी रिकामी झाली, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. भाऊराव त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगले, संस्था महाराष्ट्रभर पसरली. ते पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या.

तिसरे उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. खोल्या झाडणे, मुलांचे कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सगळे ते करत. हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ चालवत. हे कोकणातल्या पालगडचे. औंधला शिकताना हातांनी रांधून, कधी उपाशी राहून दिवस काढलेले. उपास ज्याला माहीत आहे, त्याला पंक्तीतले अर्धपोटी उठलेले पोर लांबून ओळखू येते.

गुरुकुलातली रात्र

आता माझे सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्यात, कर्मवीरांच्या कुंभोजशेजारी, बाहुबलीचा डोंगर आहे. समंतभद्र महाराजांनी १९१८ साली विदर्भात कारंज्याला ब्रह्मचर्याश्रम काढला आणि १९३४ साली या बाहुबलीला गुरुकुल सुरू केले. त्या धर्तीवर आमच्या भागात आणखीही जैन गुरुकुले चालली. अशाच एका गुरुकुलात मी दहाव्या वर्षी दाखल झालो. पहाटे उठणे, प्रार्थना, सूत कातणे, शाळा, आणि सूर्यास्ताच्या आत जेवण. दिवे लागल्यावर तोंडात अन्न घालायचे नाही, हा नियम.

पहिल्या आठवड्यात मला घरची आठवण अनावर झाली. संध्याकाळच्या पंक्तीला मी ताटावर बसून राहिलो, एक घास घेतला नाही. पंक्ती उठली, सूर्य गेला. रात्री नऊच्या सुमारास पोटात आग पडली आणि मी पांघरुणात रडू लागलो. तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशी आल्या. त्या जैन नव्हत्या. भाकरी फडताळात होती. एक चतकोर मला दिली असती तर कुणाला कळले नसते. त्यांनी दिली नाही. गरम पाणी दिले, माझे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “तुझ्या आईनं तुला नेम दिलाय बाळा, मी कसा मोडू? पण तू एकटा उपाशी नको. मीबी नाही जेवत.” आणि खरेच, त्या तशाच बसून राहिल्या. सूर्य उगवल्यावर दोन घटका झाल्या, तेव्हा तव्यावरची पहिली भाकरी दुधात कुस्करून मला दिली आणि दुसरी स्वतः घेतली.

तिथे मी सहा वर्षे होतो. त्यांना ‘मावशी’ म्हणत होतो. त्यांचे नाव मला माहीत नाही. गाव माहीत नाही. खूप वर्षांनी एका वर्गमित्राकडून कळले, की त्यांना माझ्याच वयाची एक मुलगी होती. ती आजोळी असे. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्यात, मावशींची तिच्याशी भेट होई. म्हणजे त्या रात्री ज्या मांडीवर मी डोके ठेवले होते, ती दुसऱ्याच एका पोरीची होती. सहा वर्षांत मला एकदाही विचारावेसे वाटले नाही. दहा वर्षांच्या पोराला कुणी दोष देणार नाही. पण सोळाव्या वर्षी निघताना मी सगळ्या गुरुजींच्या पाया पडलो आणि स्वयंपाकघरात गेलोच नाही, हे मला अजून टोचते. आज मी लोकांना तासभर प्रश्न विचारून पोट भरतो. जिला पहिला प्रश्न विचारायला हवा होता, तिला विचारायचा राहिला.

पेडण्याच्या ओसऱ्या

हे सगळे देशावरचे झाले, आमच्या पेडण्याचे काय, असे तुम्ही म्हणाल. तुमच्या घरांनी हे काम वेगळ्या रीतीने केले आहे. १९६१ नंतर गोव्यात खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर याच पेडण्याच्या मातीतले. शाळा हा त्यांचा ध्यास. मराठी शाळांना शिक्षक हवे होते आणि त्यांतले बरेच तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आले. विशी-बाविशीची मुले, ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेली. ती राहिली कुठे? तुमच्या ओसरीवर, माडीवरच्या खोलीत, देवळाच्या अग्रशाळेत. तिथे मुलाऐवजी मास्तरच घरापासून दूर होता. त्याला पेज कुणी वाढली, तापात कुणी पाहिले, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांपैकी काही मास्तर इथलेच झाले. त्यांची नातवंडे माझ्याकडे औषधाला येतात.

आज आपल्या जिल्ह्यात सत्तरीतल्या वाळपईला नवोदय विद्यालय आहे. सहावी ते बारावी, मुले आणि शिक्षक एकाच आवारात. तिथले शिक्षक देशाच्या कुठल्याही राज्यातून येतात. वर्ग सुटला तरी त्यांची शाळा सुटत नाही. रात्री मुलांची हजेरी घेणे, आजारी पोराला दवाखान्यात नेणे त्यांच्याकडेच. ज्यांची मुले तिथे आहेत त्यांनी भेटीला गेल्यावर गुणांबरोबर एवढेही विचारावे: गुरुजी, तुमचे गाव कुठले? तुमची मुले कुठे शिकतात?

त्याग कुणाचा, हिशेब कुणाचा

आता जे सांगायला मी उभा राहिलो, ते सांगतो.

अशा संस्थांबद्दल बोलताना आपण ‘त्याग’ हा शब्द फार वापरतो. तो खरा आहे. कर्वे प्राध्यापक होते. दुसरे काही करून सुखाने राहू शकले असते. त्यांनी निवड केली. पार्वतीबाईंनीही, पुढे पुढे, निवड केली. पण वसतिशाळेच्या स्वयंपाकघरात येणाऱ्या बहुतेक बाईपुढे निवड नसते. नवरा गेलेला किंवा टाकून दिलेला, माहेरी भावजय, हातात शिक्षण नाही. दोन वेळचे जेवण, डोक्यावर छप्पर आणि अब्रूने राहायला जागा, एवढ्यासाठी ती येते. मग मुलांत जीव गुंततो आणि ती टिकते. तिच्या कामालाही आपण त्याग म्हणतो, आणि एकदा त्याग म्हटले की पगार विचारणे वाईट दिसते. ‘त्या घरच्यासारख्याच आहेत’ हे वाक्य मी अनेक चालकांच्या तोंडून ऐकले आहे. घरच्यासारख्या, म्हणून हजेरीपटावर नाव नाही. घरच्यासारख्या, म्हणून सुटी नाही. आणि हात थकले की मात्र घर त्यांचे नसते.

माझ्या काकी सव्वीस वर्षांनी निघाल्या तेव्हा त्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले. सत्कारात भाषणे झाली. काकी सांगत होत्या, भाषण ऐकताना खूप रडले. पेन्शन नाही, फंड नाही. खोकल्याच्या औषधाचे पैसे लेक देते, आणि दर वेळी ती नोट काढते तेव्हा काकी खिडकीकडे बघतात.

चालकांना मी दुष्ट म्हणत नाही. त्यांचीही ओढाताण मी जवळून पाहिली आहे. अनुदान वेळेवर येत नाही, उधारीवर किराणा आणावा लागतो. पण कायदा नाही असे मात्र नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. जिथे वीस किंवा त्याहून जास्त माणसे कामाला आहेत, तिथे तो लागू होतो. या वीसांत फक्त मास्तर मोजायचे नाहीत. स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी, आणि ठेकेदाराने आणलेली माणसेही मोजायची. दहा वर्षे सेवा भरली की पुढे पेन्शनचा हक्क तयार होतो, मग ती रक्कम थोडी का असेना. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला. तुमच्यापैकी किती जण कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, हे मला माहीत आहे. या सभागृहातल्या पहिल्या दोन रांगा त्याच आहेत. पुढच्या बैठकीत हजेरीपट मागवा. स्वयंपाकघरातली नावे त्यात आहेत का, पाहा. वर्षे मोजा.

दुसरे मागणे लेखणीचे आहे, कारण ही साहित्यसंस्था आहे. प्रत्येक शाळेचा रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव होतो, स्मरणिका निघते. संस्थापकांचा फोटो, देणगीदारांची यादी, माजी मुख्याध्यापकांची यादी. पुढच्या स्मरणिकेत एक पान स्वयंपाकघराला द्या. कोण होते, कुठल्या गावचे, कधी आले, कधी गेले, एवढे चार रकाने. त्यासाठी लेखक लागत नाही, विचारणारा लागतो. आणि लवकर विचारा. माझ्या दवाखान्यातले अनुभव सांगतात, की ही माणसे स्वतःहून बोलत नाहीत, आणि विचारायला आपण गेलो की बहुधा उशीर झालेला असतो.

काकींचे नाव मी इथे लिहिले नाही, कारण रोग्याचे नाव डॉक्टरने छापायचे नसते. त्यांना मी विचारले होते, तुमचे नाव त्या शाळेत कुठे लिहिलेले आहे का? थोडा वेळ आठवून म्हणाल्या, मोठ्या पातेल्याच्या कडेला. भांडी हरवत म्हणून त्यांनी एका मुलाकडून खिळ्याने स्वतःचे नाव कोरून घेतले होते. पातेले अजून वापरात असेल, असे त्यांना वाटते.